ताप नाही, म्हणून

आईला ताप नव्हता. त्यावरच ती निर्धास्त होती आणि त्यानंच माझा जीव टांगणीला लागला होता.

जरीपटक्याच्या घरी ती उमरेडला भाचीच्या लग्नाला जायची बॅग भरत होती. टाचेला चिंधी. खिळा रुतला, म्हणे. मी चिंधी ओढलीच. ना सूज, ना लाली. एक काळपट भोक, आणि दाबलं की घाण वास.

"आताच्या आता दवाखान्यात चल."

"काहून? ताप नाही न मले! लाव थर्मामीटर."

प्रयोगशाळेत मी रोज हेच बघते. रोगाशी लढणाऱ्या पेशींसमोर जंतू ठेवले की त्या रसायनं सोडून बाकीच्यांना हाका मारतात. त्या हाकांनीच ताप चढतो, सूज येते. आईच्या संधिवाताचं इंजेक्शन यातलीच एक हाक दाबतं. घरात चोर, आणि कुत्र्याचं तोंड बांधलेलं.

"तुह्या बशीतल्या पेशींले शिकव, मले नको शिकवू," आई म्हणाली. मी तिची बॅग उचलून ऑटोत टाकली. बॅगेमागं ती आलीच.

सदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी बडबडत होते. ती मूठ उघडत होती, मिटत होती.

"डॉक्टर इंजेक्शन बंद करन वं," ती एकदम म्हणाली. "म्हणून नाही सांगतलं तुले. नवरीची वेणी मी घालून देणार होती."

या बोटांना इंजेक्शनापूर्वी पाण्याचा पेलाही धरवत नसे. माझा राग जागच्या जागी विरला, आणि काळजी दुप्पट झाली.

सर्जननं टाच चिरली. पू हाडाला टेकला होता. पाय वाचला. इंजेक्शन बंद झालं, लग्नही हुकलं.

महिने गेले. आता तिची वेणी मी घालते. काल सकाळी तिला शिंका येत होत्या. केस विंचरताना मानेला हात लागला. चटका बसावा इतकी गरम.

"आई, ताप आहे तुला!"

"मले ताप, अन् तू हासून राहिली?"

हसतच होते मी. कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं होतं. लपवता येईना.

तिनं मागं न बघता हात वर केला. बोटं पुन्हा वाकडी झाली होती.

"अन् हे?"

मी वेणी घालत राहिले.