हलकं चाक

"काहून थांबला गा रुपराव? हवा भर न चाकात!" मनोहरराव घड्याळ बघत ओरडले.

मी डाव्या चाकाचा रंग नखानं खरवडला होता. खालून पांढरी भुकटी निघाली, आणि तिच्याखाली बोटभर चीर. देवा रे! असं चाक उतरताना धावपट्टीला टेकलं असतं की फुटलंच असतं. आणि आज मनोहरराव एकटे नव्हते. त्यांच्या पत्नी शामलाबाईही भावाच्या लग्नाला सोबत निघाल्या होत्या.

विमान मनोहररावांचं स्वतःचं, चार माणसांचं; चालवायचेही तेच. बासष्ट सालापासून सोनेगाव विमानतळावर त्याची देखभाल माझ्याकडे. मॅग्नेशियमची चाकं माझीच निवड. अॅल्युमिनियमची जड पडतात, म्हणून मीच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "हलकं चाक घ्या, मालक." मॅग्नेशियमला खारं पाणी लागू द्यायचं नाही, गंजून भुकटी होते, एवढंच. पण नागपुरात कुठलं आलंय खारं पाणी!

मग दसरा आठवला. दर दसऱ्याला पूजा करून नारळाचं पाणी याच चाकावर ओतायचो मी. गोड लागलं तरी क्षार असतातच त्यात. वर पुसायचंही नाही, प्रसाद म्हणून! अकरा दसरे. मूर्ख कुठला.

"चाक गेलं, मालक. माह्याच हातानं गेलं." मी सगळं सांगून टाकलं.

मनोहरराव हळूच म्हणाले, "जुनं झालं म्हणून लिहून टाक गा. नारळाचं लिहिशील तं लायसन जाईन तुह्यं. रिटायर व्हायले दोनच वर्सं राहिले."

मोह झाला, खोटं कशाला सांगू? घरी बायकोला, सुभद्रेला, काय तोंड दाखवणार होतो? पण हँगरात तशाच चाकांची आणखी तीन विमानं होती, आणि त्यांची पूजाही मीच करायचो. 'जुनं झालं' लिहिलं, तर ती कोण उघडून बघणार?

कोठीतली अॅल्युमिनियमची चाकं चढवली. वजन वाढलं, म्हणून शामलाबाईंची पेटी उतरवली.

"राहू द्या जी भाऊ, पेटी येईन मागून," त्या म्हणाल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

विमान उडालं. मी विमानाच्या देखभालीच्या वहीत खरं कारण लिहिलं, खाली माझं नाव.

आठवड्यानं विमान खात्याच्या साहेबांनी ती वही वाचून माझं लायसन काढून घेतलं. त्या दुपारी हँगरातली ती तिन्ही विमानं चाकं तपासायला जॅकवर चढवलेली होती. मला आता आत जायची परवानगी नव्हती. मी दाराबाहेर सायकल धरून उभा होतो.

आतून कोणीतरी ओरडलं, "अबे, याचंही चाक चिरलं!"

मी सायकलवर टांग टाकली.