तांबड्याखालची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात तुम्हाला अभ्यास करता येणार नाही. माझा उजेड तांबूस आणि मंद. माझं खरं काम ऊब देण्याचं. खोक्यावर माझं नाव 'कार्बन फायबर इन्फ्रारेड हीट लॅम्प' असं छापलेलं होतं. एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? या घरात मला सगळे 'तांबडा' म्हणतात, आणि आता मलाही तेच बरं वाटतं.

माझ्या पोटात काळ्या, केसाहून बारीक धाग्यांची वात आहे. कारखान्यातल्या बाईंनी हातमोजे घालून ती काचेच्या नळीत सरकवली आणि नळीची तोंडं बंद केली. माझ्या काचेला उघडं बोट चालत नाही. बोटाचा तेलकटपणा तापला की काचेवर पांढरा डाग पडतो आणि काच तिथून कमजोर होते. त्यामुळे आजवर जे हात मला लागले ते फडक्याआडूनच लागले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी हवा तापवत बसत नाही. माझी ऊब सरळ खाली जाते आणि जे पहिलं आडवं येईल त्याच्या अंगात शिरते. खाली कोण आहे हे मला ऊब कुठे अडली यावरून कळतं. यात माझी चूक होत नाही. बढाई मारत नाही, खरंच होत नाही.

माझी पहिली नोकरी गाड्या रंगवण्याच्या गॅरेजात होती. रंगवलेल्या दारासमोर मला उभं करायचे. तिथला रंगारी गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा लावला की चहा पिऊन येईपर्यंत दार कोरडं." ऐकून मी फुगून जायचो. पण पत्र्याच्या दारात जीव नसतो. मला बंद केलं की जरा वेळात ती दारं गार पडायची, जणू आमची कधी ओळखच नव्हती. पुढे गॅरेजात रंग वाळवायची मोठी खोली आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, तीसुद्धा तोंड भिंतीकडे करून. मला फार वाईट वाटलं. माळ्यावर कोळ्याशिवाय कुणी फिरकत नसे.

गॅरेजचं वायरिंग करणाऱ्या वायरमनने मला तिथून खाली काढलं. त्याच्या घरामागे कोंबड्यांची शेड होती आणि ती त्याची आई सांभाळायची. एका कोपऱ्यात पत्र्याचं गोल कुंपण, आत भुशाचा जाड थर, आणि बरोबर मधोमध साखळीला टांगलेला मी. खोक्यांतून एक दिवसाची पिल्लं आली आणि माझ्याखाली सोडली गेली. मित्रांनो, जिवंत अंगात ऊब शिरते तेव्हा काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. गॅरेजातलं सगळं कौतुक मी विसरून गेलो.

वायरमनची आई कायम गारठलेली असायची. दोन स्वेटर घालूनही हात बर्फासारखे. रोज सकाळी ती बुटकं स्टूल घेऊन कुंपणात यायची आणि माझ्याखाली बसायची. आधी पाठ शेकायची, मग वळून पोट, मग दोन्ही तळवे, डावा आधी. पिल्लं तिच्या पावलांवर चढून झोपायची. सून, म्हणजे वायरमनची बायको, दाणे घेऊन आली की विचारायची, "आई, पिल्लं बघायला आलात की शेकायला?"

"दोन्ही. तुझ्या का पोटात दुखतंय?"

सून हसायची. दोघींचं असं रोजचं होतं. सुनेला सगळं काम सासूनेच शिकवलं. "पिल्लांकडे बघायचं," ती सांगायची. "दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना गार होतंय, दिवा खाली घे. मधली जागा सोडून कडेला पळाली तर त्यांना भाजतंय, दिवा वर घे. सगळीकडे सारखी पसरली की गुपचूप बाहेर ये, उगाच लुडबुड करू नकोस."

त्या हिवाळ्यात सासू गेली. घरात, अंथरुणात, झोपेतच. मला बातमी उशिरा कळली. रोजची ऊब भुशावर पडत राहिली, मधे कुणी आलं नाही, तेव्हा समजलो. तिचं स्टूल कुणीतरी दाण्याच्या खोलीत पोत्यांमागे टाकून दिलं.

वायरमन म्हणाला, "शेड आईची होती. आता बंद करू."

"पिल्लांची एक खेप मला एकटीला करू द्या," सून म्हणाली.

"बरं, एक. पिल्लं जगली तर पुढचं बोलू. नाहीतर हे सगळं आवरायचं."

नवी पिल्लं आली. सुनेने मला फडक्याने पुसलं, साखळी नेहमीच्या उंचीवर अडकवली आणि बटण दाबलं. पिल्लं किलबिलत उबेकडे धावली आणि एकाएकी थांबली. माझ्या बरोबर खाली त्यांनी एक गोल मोकळा सोडला. फार मोठा नाही, एक माणूस मांडी घालून बसेल एवढाच. मागच्यांच्या रेट्याने एक पिल्लू आत ढकललं गेलं, पण ते लगेच बाहेर आलं, कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं. मग सगळी गप्प झाली. माना तिरप्या करून ती एका डोळ्याने वर बघू लागली. माझ्याकडे नाही. माझ्या आणि भुशाच्या मधल्या हवेकडे.

आणि तिथला भुसा तापेना. माझी ऊब त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती, वाटेतच अडत होती. आधी एका रुंद जागी, जरा वेळाने दुसऱ्या बाजूला, मग खाली दोन लहान जागी. त्यातली डावी आधी. मित्रांनो, मी उन्हाच्या नात्यातला, मला हुडहुडी भरत नाही. त्या दिवशी भरली.

सुनेला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तिने शिकवल्याप्रमाणे पिल्लांकडे बघितलं. मधली जागा सोडली, म्हणजे भाजतंय. तिने मला वर घेतलं. पिल्लांनी गोल सोडलेलाच. तिने आणखी वर घेतलं. वायरमनही येऊन बघून गेला. "जास्तच तापतोय हा. घे अजून वर," म्हणाला. मी आणखी आणखी वर जात राहिलो आणि पिल्लं गारठत गेली. ती कुंपणाच्या कडेला एकमेकांवर चढू लागली, पण त्या गोलात एकानेही पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी काही पिल्लं ढिगाखाली मेलेली सापडली. तिसऱ्या दिवशी आणखी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, मला खाली घे, हे भाजणं नव्हे. पण दिव्याला तोंड कुठून आणायचं?

"आईंच्या हातून कधी अशी गेली नव्हती," सून मेलेली पिल्लं टोपलीत ठेवत म्हणाली.

"म्हणून म्हणत होतो," वायरमन बाहेरून म्हणाला. "उद्या उरलेली शेजारच्या शेडवाल्याला देऊन टाकू. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

दुपार ढगाळ होती. सून कुंपणात एकटीच गुडघ्यांवर बसली होती. तिने किती भाजतंय ते बघायला हात भुशावर फिरवला. कडेला भुसा कोमट लागला. हात मधे गेला आणि ती थबकली. मधला भुसा गारठून गेलेला होता, माझ्या अगदी खाली असून. तिने पुन्हा हात फिरवला. मग तिला एक पिल्लू दिसलं. ते गोलाच्या काठावर झोपलं होतं, एका अंगावर पूर्ण रेलून. ज्या बाजूला ते रेललं होतं तिथे काहीच नव्हतं. तरी ते पडत नव्हतं.

सुनेने हात हळूच मागे घेतला. मला वाटलं, आता ही किंचाळत पळेल. पण ती उठली, दाण्याच्या खोलीत गेली, पोती सरकवल्याचा आवाज आला आणि ती बुटकं स्टूल घेऊन परत आली. गोलाच्या मधोमध तिने ते ठेवलं.

"आई, खाली भुशात कशाला बसलात?" ती म्हणाली. "गुडघे धरतील ना. वर बसा."

मग तिने रेललेल्या पिल्लाकडे बघितलं. ते सावकाश कलंडलं, भुशावर पडलं आणि डोळे उघडून उभं राहिलं. सुनेने साखळी सोडत सोडत मला पूर्वीच्या उंचीवर आणलं. एकेक करून पिल्लं मधे आली. स्टुलाच्या पायांशी, स्टुलाखाली, चोहोकडे पसरली. किलबिल परत सुरू झाली. स्टुलासमोर मात्र काही पिल्लं एकमेकांना खेटून थोडी उंचावर बसल्यासारखी दिसत होती, पावलांवर बसतात तशी. सून गुपचूप बाहेर गेली. तिने लुडबुड केली नाही.

त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही. वायरमन स्टूल बघून म्हणाला, "हे इथे कशाला?" सून म्हणाली, "असू द्या." रोज दाणे टाकताना ती हलक्या आवाजात म्हणायची, "पिल्लं बघायला की शेकायला?" आणि क्षणभर थांबायची. उत्तर मला कधी ऐकू आलं नाही. तिला येत असावं, कारण ती हसायची.

पिल्लांना पिसं फुटली. आता त्यांना माझी गरज उरली नाही. एका संध्याकाळी सगळी मोठ्या शेडमध्ये गेली आणि वायरमन मला उतरवायला आला.

"पिल्लं तर गेली. कुणासाठी जाळतेस हा?"

"जरा थांबा," सून म्हणाली. "आईंचं शेकून व्हायचंय."

वायरमनने स्टुलाकडे बघितलं आणि चपला कुंपणाबाहेर काढून तो सुनेच्या शेजारी बसला. माझी ऊब आधी रुंद जागी अडली, मग दुसऱ्या बाजूला, मग दोन लहान जागी, डावी आधी. पिल्लं नव्हती, किलबिल नव्हती, आणि रिकाम्या कुंपणात ती दोघं माझ्यासारखीच वाट बघत होती. मग माझी ऊब एकदम सरळ खाली गेली आणि स्टुलाच्या लाकडाला लागली. सुनेने हात पुढे करून लाकूड चाचपलं. ते तापायला लागलं होतं. तिने मान हलवली आणि बटण बंद केलं.

आता मी फडक्यात गुंडाळलेला, पुढच्या खेपेची वाट बघतो आहे. स्टूल माझ्या शेजारीच आहे. मित्रांनो, माझी काच उघड्या बोटांनी धरू नका आणि मला भुशाच्या फार जवळ टांगू नका, एवढं तुम्ही सांभाळालच. माझं मागणं आणखी एकच आहे. खाली कुणी नाही असं वाटलं तरी बटण बंद करण्याआधी एकदा खाली हात फिरवून बघा. जागा गार लागली, तर जरा थांबा.