नववा प्रश्न

नेट चालत नाही म्हणून चिडून फोन करणाऱ्या लोकांशी गोड बोलणं हा माझा धंदा आहे. कंपनी पुण्याची, गिऱ्हाईक महाराष्ट्रभरचं, आणि मी मानोऱ्याजवळच्या एका गावात, सासरच्या मधल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. गंमत एवढीच की आमच्या घरचंही नेट चालत नव्हतं. हसायचं असेल तर हसून घ्या, गावाचं हसून झालंय.

कंपनीनं आम्हाला नेटच्या डब्याबद्दल, म्हणजे राउटरबद्दल, प्रश्न ठरवून दिलेत. डबा बंद करून चालू केला का? दिवा लाल आहे की हिरवा? एका वेळी किती मोबाइल जोडलेत? प्रश्न गाळायचा नाही, क्रम मोडायचा नाही, पाच सेकंदांपेक्षा जास्त गप्प बसायचं नाही. आणि भाषा शुद्ध व प्रसन्न पाहिजे. म्हणजे रिसोडच्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि मी त्याला विचारते, ‘आपली काय सेवा करू शकते?’ बहुतेक जण चौथ्या प्रश्नाला आवाज चढवतात, सहाव्याला फोन आपटतात. नवव्या प्रश्नापर्यंत टिकलेला माणूस मला अजून भेटला नव्हता.

या आठवड्यात माझी नोकरी पक्की व्हायची की सुटायची ते ठरणार होतं. तपासणीवाले साहेब माझा कुठलाही एक कॉल गुपचूप ऐकणार होते. मी नापास झाले की आयडी बंद. मला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. बीएस्सी होऊन लग्न झालं, त्यानंतर कुणी माझं बोलणं कान देऊन ऐकत होतं ते इथंच. शिव्या देत का होईना, पण ऐकत होतं. नाहीतर मग पहाटेपासून सासूबाईंच्या शेजारी बसून भाजीच्या जुड्या बांधायच्या.

त्यातही मी नापासच. सासूबाईंची, म्हणजे कस्तुराबाईंची, जुडी मानोऱ्याच्या बाजारात दुरून ओळखू येते. मेथी असो की सांबार, म्हणजे कोथिंबीर, अशी आवळतात की पान हलत नाही. माझी जुडी पाहून म्हणतात, “तुया जुडीतून सांबार पळून जाते वं.”

घरचं नेट का चालत नाही, यावर गावात तज्ज्ञांची कमी नव्हती. माझे यजमान तारांवर लोंबकळणाऱ्या माकडांवर संशय घेत. लाइनमन मदनसिंग पोहरादेवीच्या यात्रेवर खापर फोडायचा.

“गर्दी लय आहे वहिनी. सारे लोक देवीचे फोटो टाकून राह्यले.”

यात्रा आटोपली, पाळणे गेले, दुकानं उठली, तरी मदनसिंगच्या हिशोबानं गर्दी काही ओसरेना. तो यायचा, डब्यामागचं तारेचं भेंडोळं ओढून खाली पसरायचा, मीटर लावायचा. दिवा हिरवा व्हायचा. “वरूनच प्रॉब्लेम होता,” असं म्हणून तो चहा प्यायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लाल.

कंपनीत सांगितलं, तर उत्तर आलं की कर्मचाऱ्यानंही तक्रार ग्राहक म्हणूनच नोंदवावी. म्हणून त्या दिवशी दिवा लाल होताच यजमानांना म्हटलं, फोन करा. मी स्वतः लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, कारण मोबाइलची रेंज तिथंच येते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडी ठोकली आणि कामाला लागले.

थोड्या वेळात एक कॉल आला.

“नमस्कार, मी रूपाली. आपली काय सेवा करू शकते?”

“अवो, हे तं तूच निंघाली!” खालून यजमान आनंदानं ओरडले. मराठीसाठी बसणाऱ्या आम्ही मोजक्याच, त्यात माझा नंबर लागला.

हाच कॉल साहेब ऐकत असले तर?

“आपलं शुभ नाव सांगाल का?”

“काहून? विसरली का?”

“नोंदीसाठी लागतं, सर.”

“हरीओम,” ते म्हणाले. मग हसू दाबत, “मॅडम.”

ग्राहकाचं नाव तीनदा घ्यायचा नियम आहे. मी ते नाव आजवर घेतलं होतं फक्त लग्नात, उखाण्यात, तेही सगळ्यांनी दार अडवून धरल्यावर. आता टाकीला टेकून, बिनउखाण्याचं म्हणाले, “हरीओमजी, आपण डबा बंद करून चालू केला का?”

यजमानांना हसू आवरेना. शेवटी ते म्हणाले, “आईले देतो. तेच असते डब्यापाशी.” आणि कोण बोलतंय ते न सांगताच त्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला.

सासूबाईंनी माझा ऑफिसचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. काम करताना खोलीचं दार मी लावून घेते. घरात मी बोलते ती वऱ्हाडी, ही पुस्तकातली मराठी त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांनी मला पुण्याची बाई समजून सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, एकदाही न चिडता. दिवा लाल आहे. मोबाइल तीन आहेत. घरात पाणी गळत नाही. आणि आम्ही नवव्या प्रश्नावर आलो.

“तार कुठे वाकलेली, दुमडलेली किंवा आवळून बांधलेली आहे का?”

“बांधेल आहे नं बाई. म्याच बांधतो, जुडी. कडक. तो मदनसिंग रोज पसारा करून जाते.”

मी कपाळाला हात लावला. त्या तारेत काचेचा बारीक धागा असतो, त्यातून उजेड पळतो. गच्च आवळली की उजेड तिथंच अडतो. हे मला पाठ होतं. ती जुडी माझ्या मागच्या भिंतीवर रोज दिसत होती, आणि मला वाटायचं, किती नीटनेटकं काम आहे!

“ती बांधण्याचं काही विशेष कारण, मॅडम?” हा प्रश्न यादीत नव्हता.

“माही सून तिथं बसून काम करते. तिचे साहेब तिले लॅपटॉपवर टीव्हीवानी पाह्यतात. मांगं असा गुंता दिसला तं काय म्हनतीन, कोन्या घरची आहे? लय हुशार पोरगी आहे वं. मले येत नाई तिचं काम, पन मांगची भीत तं साफ ठेवता येते.” मग आवाज खाली आला. “तिची नवकरी राहू द्या बाई. ते गेली नवकरी तं पोरगी कोमेजून जाईन.”

पाच सेकंद उलटून गेले. दहाही गेले असतील.

“कृपया... ती तार सोडवावी.”

“तुमच्या म्हनन्यावर? नाई बापा. सून खाली आली की तिले इचारतो, मंग सोडतो.”

झालं. पुण्याच्या बाईवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि पुण्याची बाई होऊनच मला नोकरी टिकवायची होती. मी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हटलं, “आई, मीच व्हय. रूपाली. सोडा नं ते जुडी.”

सासूबाई कडाडल्या, “मंग इतका वेळ परक्यावानी काहून बोलून राह्यली होती?”

दिवा हिरवा झाला आणि तसाच राहिला.

साहेबांनी नेमका तोच कॉल ऐकला होता. दुसऱ्या दिवशी निकाल आला. शुद्धतेत शून्य, शांततेबद्दल दंड. पण खाली लिहिलं होतं की नवव्या प्रश्नापर्यंत पोचलेला हा पहिलाच कॉल, आणि ग्राहकास ‘आई’ म्हणून विश्वास संपादन करण्याचं कौशल्य अभिनंदनीय आहे. नोकरी पक्की. यापुढं वयस्कर महिला ग्राहकांना सर्वांनी ‘आई’ म्हणावं, असा हुकूमही निघाला. तो कॉल कुणाचा कुणाशी होता, हे कुणीही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

परवा पुण्याहून एका मुलीचा फोन आला, त्या कॉलला मिळालेल्या सेवेबद्दल मत विचारायला. फोन सासूबाईंनी उचलला, मी त्यांच्या शेजारीच बसले होते. ती गोड आवाजात म्हणाली, “आई, आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?”

“आई कोनाले म्हनतं वं?” सासूबाई म्हणाल्या. “माही पोरगी तं हे इथं बसून आहे.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मत न मिळाल्यामुळे कंपनीनं माझा एक गुण कापला. कापू दे.