तळपायातून निघालेली लस

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलचा जिना सकाळपासून माणसांनी भरला होता. कुणी दंड चोळत होतं, कुणी मोबाइलवरचे व्हिडिओ एकमेकांना दाखवत होतं. लस घेऊन आपण फसलो, अशी सगळ्यांची खात्री पटली होती. आणि वर ‘शुद्धीसाहेब’ ती लस तळपायातून बाहेर काढून देत होते.

अंगात पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ, कानात ब्लूटूथ. विज्ञान, श्रद्धा आणि धंदा एकाच देहात गुण्यागोविंदाने नांदत होते.

“टोचलेलं औषध शरीरात कुठे जातं?” साहेब विचारत होते. “खाली! गुरुत्वाकर्षण! आणि खाली काय आहे?”

“तळपाय!” गर्दी ओरडली.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वर्गात मला इतकं एकमुखी उत्तर कधी मिळालेलं नाही. पण त्या दिवशी हसू येणं शक्य नव्हतं. पहिल्या टबात पाय सोडून माझा दादा बसला होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते.

दादा शिवणकाम करायचा. दुकानातला कारागीर आठवडाभर खोकत होता, तरी दोघं एकाच टेबलावर कापड बेतत होते. दादाने लस घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ताप भरला. मग वास गेला, मग दम लागू लागला. मी परगावी होते. फोनवर वहिनीला बजावलं, “लशीने एखाद-दोन दिवस कणकण येते, वास जात नाही. हा कोविड आहे. आधीच शिरलेला असणार, आणि लशीला काम करायला दोन-तीन आठवडे लागतात. दवाखान्यात ने.”

“लस घेईपर्यंत धडधाकट होते हो हे!” ती रडत म्हणाली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. वहिनीला फक्त कावळा दिसत होता.

मी गावी परतले, तोवर तिने दादाला या हॉलमध्ये आणून बसवलं होतं. मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. प्राणवायूचा आकडा ऐंशीच्याही खाली होता. “वहिनी, ऊठ. रुग्णवाहिका बोलावलीये.”

“वन्सं, थांबा थोडं. बघा ना, किती विष निघतंय!”

टबात मीठ घालून लोखंडी पट्ट्यांचं एक विजेचं यंत्र सोडलं होतं. पाणी खरंच तपकिरी झालं होतं. वर गंजासारखा फेस तरंगत होता.

“दम लागतोय ही शुभ खूण आहे,” साहेब म्हणाले. “विष निघताना शरीर धाप टाकतंच. दवाखान्यात नेलंत तर मी जबाबदार नाही.”

“इथे बसवून ठेवलं तर आहात का?” मी विचारलं. साहेबांना नेमका तेव्हाच ब्लूटूथवर फोन आला.

तेवढ्यात दादाची मान कलली. तो खुर्चीवरून घसरू लागला. मी आणि दोन माणसांनी त्याला उचलून सतरंजीवर पालथं निजवलं, कारण तसं थोडं बरं श्वास घेता येतो. वहिनी त्याची पाठ चोळत हाका मारत होती. गडबडीत टबाचं यंत्र बंद करायचं राहून गेलं.

माझी नजर तिकडे गेली. टबात कुणाचेच पाय नव्हते. पाणी मात्र मघापेक्षा गडद होत चाललं होतं.

“वहिनी, टबाकडे बघ,” मी म्हणाले. “पाय कुठे आहेत?”

ती बघत राहिली. जिन्यातली माणसंही माना उंचावून बघू लागली.

“हे कुणाचं विष आहे?” तिने साहेबांना विचारलं.

“हॉलमधल्या सगळ्यांचं! यंत्र हवेतूनही ओढतं!”

“मग पाय कशाला बुडवायला लावलेत?”

साहेब माळ चाचपत यंत्राचा खटका शोधू लागले. खालून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला आणि वहिनीने स्वतःच दादाच्या काखेत हात घातले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसांचा फोटो बघितला. “थोडं आधी आणायला हवं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी शर्थ केली. दादा गेला.

वहिनी रडली नाही. काही दिवसांनी ती शाळेच्या प्रयोगशाळेत आली. “मला ते पाणी करून दाखवा.”

मी काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, मूठभर मीठ घातलं, लोखंडाचे दोन खिळे सोडले आणि बॅटरीच्या तारा जोडल्या. मिठामुळे पाण्यातून वीज चांगली वाहते, विजेने लोखंड झपाट्याने गंजतं. हळूहळू पाणी तपकिरी झालं. तसाच फेस आला.

“एवढंच?”

“एवढंच. लस अंगात गाळासारखी साचत नाही, वहिनी. शरीराला शत्रूची ओळख पटवून देते आणि काही दिवसांत विरून जाते. बाहेर काढायला उरतंच काय?”

“आणि मी ह्यांना तिथे बसवून ठेवलं!” ती माझ्या खांद्यावर कोसळली. तिला दोष देण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. बुडणारा हाताला लागेल ते धरतो. पण त्याच्या हाती दगड देणाऱ्याला काय म्हणायचं?

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीची चौकशी होईपर्यंत हॉल चालूच होता. वहिनीने आधी लस घेतली. भीती वाटत होती, तरी घेतली. मग भांडं, मीठ, खिळे आणि बॅटरी घेऊन ती त्या जिन्याच्या पायथ्याशी बसली. येईल त्याला पाणी तपकिरी करून दाखवू लागली.

“दुःखाने भ्रमिष्ट झालीये बिचारी!” साहेब वरून ओरडले.

“असेन,” ती म्हणाली. “पण भांड्यात पाय नाहीत, ते तर दिसतंय ना?”

पहिल्या दिवशी सगळी रांग काही मोडली नाही. काहीजणांनी तोंडं फिरवली, एकाने तिला शिवी हासडली. खोकणाऱ्या आईला धरून उभी असलेली एक मुलगी मात्र बराच वेळ भांड्याकडे बघत राहिली. मग तिने आईला रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला.

तुम्ही आमच्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर एकच विचारा: पाय बाहेर काढले तर काय होईल? विचारू देत नसेल, तर जिना उतरा. आणि श्वास अडकत असेल, तर तेही विचारत बसू नका. आधी दवाखाना गाठा.