गिरणीच्या अंगणातली काळी ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे आणि माझा रंग काळा आहे. रंगाचं आधीच सांगते, कारण माझ्या आयुष्यात जे घडलं ते त्याच्यामुळेच.

कडेला पितळी कड्या ठोकून मला रुग्णालयात आणलं, तेव्हा माझ्याबरोबर तीन बहिणी होत्या. मोठा अपघात झाला की जखमींना आमच्यावर वाटून ठेवायचं. क्षणाचाही उशीर चालणार नाही ते लाल बहिणीवर, जरा थांबू शकतील ते पिवळीवर, चालते-बोलते हिरवीवर. आणि माझ्यावर गेलेले, किंवा ज्यांची आशा सोडावी लागली असे.

सरावाच्या वेळी माझ्यावर आडवं व्हायला कुणी धजत नसे. एकदा स्टोअरकीपरला बळेच निजवलं, तर तो चक्क घोरायला लागला. सगळे पोट धरून हसले. मोठ्या सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. जखमींची वाटणी त्यांच्याकडे असे.

मग एका भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गावच्या सूतगिरणीच्या कँटीनवर छतावरची पाण्याची टाकी कोसळली. आम्हाला तिथे नेऊन अंगणात अंथरलं. धूळ अजून खाली बसली नव्हती. भिंतीपलीकडून हाका येत होत्या. त्या एकेक करून थांबत गेल्या.

मोठ्या सिस्टर प्रत्येकापाशी वाकत, मनगट धरत, रंगाची फीत बांधत आणि पुढे जात. एका म्हाताऱ्या फिटरचे दोन्ही पाय चिरडले होते. मनगटाला नाडी लागत नव्हती. सिस्टरांचा हात जरा थबकला.

"काळी," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, तो बोलतोय!" सोबतचा तरुण डॉक्टर ओरडला.

"ऐकू येतंय मला. गाड्या दोनच आहेत. याच्यापायी लालवरचे तिघं जातील. पाय आवळून बांधा आणि पुढे चला."

त्याला माझ्यावर ठेवलं. त्याच्या शेजारचे सगळे निपचित होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हतं. त्याचं ओलं, गरम रक्त माझ्यावरून कडेला ओघळत गेलं.

तेवढ्यात हिरवीवरून एक बाई उठून आली. सूत गुंडाळणारी कामगार. तिचा हात मोडून गळ्यात बांधलेला होता.

"कुठे निघालात?" डॉक्टरने हटकलं.

"मला हिरवं दिलंय ना? म्हणजे मी मोकळीच आहे." आणि ती फिटरच्या उशाशी बसली.

"ही ताडपत्री काळी का गं?" फिटरने विचारलं.

"ऊन लागू नये म्हणून, काका."

"खोटं बोलतेस. काळ्यावर ऊन जास्त तापतं."

तिने पदराने त्याच्या तोंडावर सावली धरली. तो गप्प होऊ लागला की ती त्याला काहीबाही विचारी. पुढे पुढे उत्तरं तुटक झाली.

शेजारच्या गावांतून आणखी गाड्या आल्या. लाल बहीण रिकामी झाली. तशा मोठ्या सिस्टर सरळ माझ्याकडे आल्या आणि एकेकाच्या मानेवर बोटं ठेवत फिरल्या. फिटरपाशी त्यांनी काळी फीत तोडली.

"लाल. उचला!"

"पण तुम्हीच तर..." डॉक्टर म्हणाला.

"तेव्हा गाड्या नव्हत्या. आता आहेत."

फिटर वाचला, दोन्ही पाय गमावून. बाकीचे माझ्यावरच राहिले.

मित्रांनो, आता मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आहेत. रुग्णालयाच्या नवीन साहेबांनी मला अपशकुनी म्हणून अपघाताच्या सामानाच्या पिशवीतून काढलं. मी जनरेटरवर झाकण म्हणून पडून असते. परवाच्या सरावात आशा नसलेल्यांनाही लालवरच ठेवलं. लालवर पाय ठेवायला जागा उरली नाही, गाड्या फाटकात अडकल्या, ज्यांना वाचवता आलं असतं ते रांगेत राहिले. सगळं खोटंखोटं होतं, म्हणून शेवटी टाळ्या वाजल्या.

मला अंथरायची वेळ तुमच्यावर कधीच न येवो. पण मला धुऊन, वाळवून पिशवीत ठेवा. लपवल्याने संकट टळत नाही. आणि माझ्यावर कुणाला ठेवावंच लागलं, तर त्याच्यापाशी कुणालातरी बसवा, आणि हात मोकळे होताच परत येऊन त्याच्या मानेवर बोटं ठेवून बघा.