तिसऱ्या पोथीचं मत

राज्य टिकतं ते धान्याच्या कोठारांवर, असं त्या प्राचीन अर्थग्रंथाचं पहिलंच ठणठणीत वाक्य आहे. निदान एका पोथीत. उरलेल्या दोन पोथ्यांत ते व्यापाऱ्यांवर टिकतं, आणि दोघींनी एकमुखाने सांगितल्यामुळे बाईंनी कोठारं तळटिपेत धाडली.

बाई हा ग्रंथ शुद्ध करून छापणार होत्या. शिल्लक पोथ्या तीनच. तिसरी त्यांचे यजमान मोठ्याने वाचत. बाई ती उरलेल्या दोन्हींशी ताडून पाहत. पोथ्या टेबलावर असेपर्यंत ग्रंथालयाचा रखवालदार खोलीला बाहेरून कुलूप घालून बसे. यजमान निवृत्त झाल्यावर ‘जरा मदतीला चला’ म्हणून आत गेले, ते अजून आतच होते.

आज शेवटचं पान. ते संपलं की समुद्राकाठी, मेहुणीकडे, कायमचं. घरी सामान बांधून तयार होतं.

“‘राजाने व्यापाऱ्याकडून, आणि मग झोपावं,’” यजमानांनी वाचलं.

“व्यापाऱ्याकडून काय?”

“काही नाही. मध्ये कोरी जागा आहे.”

“किड्याने खाल्लंय?”

“छे, कागद धडधाकट आहे. लिहायचंच राहिलंय.”

बाईंनी दुसरी पोथी उजेडात धरली. नेमकं तिथेच किड्याने भोक पाडलं होतं.

“अहो, अशा कोऱ्या जागा आधी लागल्या होत्या?”

यजमानांनी दाराकडे पाहिलं. एक ‘नाही’ म्हटलं की समुद्र. पण बायकोशी खोटं बोलताना त्यांचे कान लाल होत.

“पानोपानी. कोऱ्या जागेत वाचायचं काय? म्हणून पुढे जात होतो.”

“आणि मी ‘शब्द गळाले’ लिहीत बसले! अहो, तिसरी दुसरीवरूनच उतरवलीय. भोक दिसलं की लिहिणाऱ्याने जागा सोडली. एकच मत मी दोनदा मोजलं!” बाईंचा चेहरा लग्नातही इतका खुलला नव्हता. “सगळे निकाल रद्द. पुन्हा पहिल्या पानापासून.”

यजमानांनी दार बडवलं.

“पोथ्या अजून टेबलावर आहेत, साहेब,” पलीकडून रखवालदार म्हणाला.

“बायको ठेवून जातो की!”

“दोघांना मोजून आत घेतलंय. दोघांना मोजूनच सोडणार.”

यजमान वळले. “मी माणूस आहे, पोथी नाही! मला वाळवी लागायच्या आत समुद्र बघायचाय. यापुढे एक अक्षर वाचणार नाही!”

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं बोलून? मग तेवढं पेन्सिलीला टोक करून द्या.”