भीमाप्पांच्या पाठीमागची वाळू

मी वाळू बोलतेय. नदीकाठची नव्हे, भिंतीतली. काकतीजवळच्या एका दगडखाणीत पत्र्याची खोली आहे. तिच्या भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये मला कोंडलंय. सुरुंग उडवताना भीमाप्पा या खोलीत बसतात. आत्ताही बसलेत.

जन्म माझा वेदगंगेच्या पात्रातला. निपाणीकडून ट्रकमध्ये बसून निघाले, ती थेट बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. तिथं भेटली उपासना, भीमाप्पांची मुलगी. मोठा धक्का बसला की वाळू काय करते, यावर तिचं संशोधन चाललं होतं. माणसांना काय काय प्रश्न पडतील, सांगता येत नाही! पण खरं सांगते, माझी एवढी विचारपूस कुणी कधी केली नव्हती.

तिनं मला भट्टीत खडखडीत वाळवलं, पेटीत भरलं आणि लांब नळीतून हवेचा दणका दिला. कण घासले, काही फुटले, मधल्या मोकळ्या जागेत मी दबले आणि तो धक्का पोटात जिरवला. मागचा पत्रा हललासुद्धा नाही. मग तिनं माझ्यात पाणी भरलं, अगदी तुडुंब. आता दबायला जागाच उरली नाही. धक्का आरपार गेला आणि मागचा पत्रा टर्रकन फाटला. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

उपासनानं हे सगळं संगणकावर मांडलं, पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि वडिलांसाठी ही भिंत बेतली. मला पुन्हा वाळवून कोरडंच भरलं. पाऊस शिरू नये म्हणून वर झाकण, खाली पक्कं वेल्डिंग.

पावसाचा विचार तिनं केला, वडिलांचा करायचा राहिला. भीमाप्पांची उमेदीची वर्षं गवंड्यांच्या हाताखाली गेलेली. नव्या भिंतीला रोज पाणी मारायचं, हे अंगात मुरलेलं. पहिल्याच सकाळी त्यांनी झाकण उघडून पाईप आत सोडला.

"काय करतायसा आप्पा?" बरोबरच्या मष्णूनं विचारलं.

"माझ्या लेकीची भिंत हाय रं. पाणी मारल्याबिगर घट्ट व्हईल व्हय?"

तेव्हापासून रोज पाणी. वर पत्र्यावरून मायेनं हात फिरवायचे. थेंब गळायला कुठं वाट नाही. मी भरत गेले. त्या मायेचा मला राग येतो आणि रडूही येतं.

आज नेहमीपेक्षा मोठा सुरुंग आहे, आणि जवळही. मघाशी उपासनाचा फोन आला.

"आप्पा, भिंत बरी हाय न्हवं?"

"लई गार हाय गं! रोज पाणी मारतो की. ठेवतो आता, भोंगा व्हायलाय."

"पाणी? आप्पा, भाईर..."

सुरुंगाजवळ फोन चालू ठेवायचा नाही, हा नियम भीमाप्पांनी कधी मोडला नाही. त्यांनी फोन बंद केला.

भोंगा वाजतोय. मष्णू लाल बावटा घेऊन लांब सडकेवर उभा आहे. तिकडं ती पोरगी फोन लावतच असेल. उन्हानं तापलेल्या भीमाप्पांनी माझ्या पत्र्याला पाठ टेकलीय. त्यांना बरं वाटतंय.

आप्पा, उठा. माझ्या भरवशावर बसू नका.